ऐतवारचा सलाम

"आन पुढं?" व्यंकटी पाथरवटानं विचारलं, आणि शिवमूर्ती पाळकांना काही सुचेना. पुढ्यात शहाबादी फरशी आडवी पडली होती. व्यंकटीनं तिच्यावर खडूनं अक्षरं आखून घेतली होती: सिंधुबाई शिवमूर्ती, त्याखाली जन्म, त्याखाली मृत्यू, त्याखाली 'पाळक शिवमूर्ती यांची पत्नी'. एवढ्यात मजकूर संपला होता आणि खाली चांगला हातभर दगड मोकळा राहिला होता. व्यंकटी म्हणाला, लोक तर जागा पुरत नाही म्हणून भांडतात. परवा एका डाळमिलवाल्यानं बापाच्या दगडावर आठ ओळी घालून घेतल्या, त्यातल्या चार मिलच्याच होत्या. "बाईंचं काय ते सांगा की, पाळकसाब. मोकळा दगड बरा दिसत न्हाई." उभी हयात चर्चचा पाळक म्हणून दुसऱ्यांच्या कबरींशी उभं राहून, दुसऱ्यांच्या आयाबायांबद्दल, न अडखळता बोलत आलेला हा माणूस. एकदा तर नाव विचारायचं विसरूनही त्यांनी अर्धा तास भाषण ठोकलं होतं आणि माणसं रडली होती. पण इथे खडू हातात घेतलेल्या व्यंकटीसमोर त्यांनी नुसता चष्मा पुसला, उद्या सांगतो म्हणाले आणि बाहेर पडले.

बाहेर एप्रिलचं ऊन डोक्यावर आलं होतं. लातूरला जिल्हा मिळून चौथं वर्ष चाललं होतं. कलेक्टर आले, त्यांची कचेरी आली, पाट्या आल्या, धूळ उडवणाऱ्या जीपा आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. गोलाईच्या बाजारपेठेच्या अलीकडे टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती घागरी, डबे, बादल्या आणि त्यांच्यामागची माणसं अशी दाटी झाली होती की पाळकांना रस्ता ओलांडता येईना. ते तिथेच, एका पेंडीच्या दुकानाच्या सावलीत, थांबून राहिले. सिंधुबाई फेब्रुवारीत अशाच रांगेतून घागर भरून आल्या होत्या. घागर नीट उतरवली, थेंब सांडू दिला नाही, वर फडकं झाकलं, मग उंबऱ्यावर टेकल्या आणि तिथून उठल्या नाहीत. पाळक आत वाचत बसले होते. त्यांनी हाक मारून चहा मागितला होता, दोनदा. दुसऱ्यांदा तर जरा चिडूनच. ती हाक अजून त्यांच्या कानात होती, आणि ती आपलीच आहे याची त्यांना लाज वाटत होती.

सावलीत उभं असताना त्यांना आठवायला हवी होती बायको, पण आठवलं ते निकिया. माणसाचा पिंडच तसा, त्याला कोण काय करणार. खेड्यापाड्यांतल्या प्रचारकांचा एक वर्ग ते चालवत, त्यात मंडळीचा, म्हणजे चर्चचा, जुना इतिहास शिकवत, आणि त्या इतिहासात त्यांचा जीव जितका रमे तितका तो लातुरात कधी रमला नाही. सोळाशे वर्षांपूर्वी बादशहानं जगभरचे बिशप निकियाला बोलावले, कारण एरियस नावाचा एक पाळक सांगत सुटला होता की पुत्राला देवानं निर्माण केलं, म्हणजे पुत्र नव्हता असाही एक काळ होता. त्याला पुढे अथनाशियस नावाच्या बिशपनं जन्मभर उत्तर दिलं: पुत्र नव्हता तर तेव्हा पिताही पिता नव्हता, लेकरावाचून कुणाला बाप म्हणतं का कुणी? परिषदेनं मतांगीकार, म्हणजे कशाकशावर विश्वास ते, लिहून काढला. पित्याबद्दल एक ओळ. पुत्राबद्दल ओळीवर ओळ, शब्द न् शब्द तागडीत घालून. आणि शेवटी, 'आणि पवित्र आत्म्यावर'. बस. पुढे एरियसवाल्यांना शाप आणि सह्या. वर्गातला कुणी ना कुणी दरसाल विचारायचाच की तिसऱ्याबद्दल एवढंच का. पाळक खडू फिरवत हसून सांगायचे, तेव्हा भांडण पिता-पुत्राचं होतं बाबा, तिसऱ्याबद्दल कुणाची तक्रारच नव्हती. जिथं तक्रार नसते तिथं कोण बोलतं? पुढे पन्नासहून जास्त वर्षांनी कुणाला तरी जाग आली आणि 'जीवन देणारा' वगैरे चार शब्द भरले गेले. पोरं वहीत उतरून घ्यायची. पाळकांनाही आपलं उत्तर आवडायचं, म्हणून ते बदलायची कधी गरज वाटली नाही.

त्यांच्या घरातही भांडण बाप-लेकाचंच होतं. शांतवन हा त्यांचा एकुलता एक. लहानपणापासून तोंडाळ, आणि तोंडाळपणा कुणाचा घेतला हे सांगायला नको. तो कॉलेजात गेला तसं जेवायच्या वेळी दोघांचं जुंपायला लागलं. पाळक वर्गात एक गोष्ट रंगवून सांगत: त्या काळी कॉन्स्टँटिनोपलात पावाचा भाव विचारला तर भट्टीवाला म्हणायचा, पिता थोर, पुत्र त्याच्याखाली; सुटे मागितले तर दुकानदार पुत्र जन्मलेला की निर्मिलेला याच्यावर तासभर बोलायचा. आपल्या गोलाईत असं व्हायला हवं, असं म्हणून ते हसत. गोलाईत नाही, पण त्यांच्या स्वयंपाकघरात ते रोज होत होतं. सिंधुबाई विचारायच्या, भाकरी वाढू का, तर पाळक म्हणायचे, त्या पाखंडी सबेल्लियसचा मुद्दाच तुला कळला नाही. आणि शांतवन म्हणायचा, कळला, पण पटला बी. भाकरी तव्यावर करपायची. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याच्या वाट्याला उष्टी ताटं यायची. त्या ताटं उचलायच्या, दोघांच्या ताटातलं उरलेलं एकाच ताटात घेऊन मागच्या दाराशी जेवायच्या, आणि त्या काय जेवल्या हे शिवमूर्ती पाळकांना आज, पेंडीच्या दुकानापुढे उभं राहून, किती आठवू म्हटलं तरी आठवेना.

सबेल्लियसचा मुद्दा पटायला कारण बापच होता, ही खरी मेख. शिवमूर्ती जन्मानं लिंगायत, उदगीरच्या बसलिंगप्पा किराणावाल्यांचे थोरले. मिशनच्या वसतिगृहात राहिले, तिथेच बाप्तिस्मा घेतला. लिंगायतांत मेल्या माणसाच्या हातावर त्याच्या गळ्यातलं लिंग ठेवून पुरतात; बसलिंगप्पांकडे माणूस नव्हता, म्हणून त्यांनी शेताच्या बांधाशी खड्डा खणून पोराचं नुसतं लिंग पुरलं आणि आंघोळ केली. आई गौरम्मा तेवढी देव्हाऱ्यापुढं बसून राहिली, असं पुढे कुणीतरी सांगितलं. तर अशा या माणसानं पुढे शिरूर अनंतपाळच्या बाजूला खेड्यांतून सुवार्ता सांगताना एक सोपी युक्ती काढली. पिता, पुत्र, आत्मा मिळून एकच देव, हे त्र्यैक्य म्हणजे काय, असं लोक विचारायचे. पाळक म्हणायचे, तुमच्यात गुरू, लिंग, जंगम तीन म्हणता ना? आणि तिन्ही एकच शिव म्हणता ना? एकच, तीन रूपांनी येतो. तसंच हे. माना डोलायच्या. ही उपमा चुकीची आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकच देव तीन सोंगं घेतो म्हणणं हेच तर सबेल्लियसचं पाखंड, त्यात पिता पुत्रावर प्रेम करणार कसा, सोंग सोंगावर प्रेम करतं होय? पण उन्हातान्हात बसलेल्या माणसांना एवढं कुठं सांगत बसायचं. आणि सायकलच्या नळीवर बसून बापाबरोबर गावोगाव हिंडलेलं सहा-सात वर्षांचं पोर तेवढंच ऐकत मोठं झालं.

लातूर जिल्हा झाला, कचेरीत भरती निघाली, शांतवन कारकून लागला आणि नव्या क्वार्टरात राहायला गेला. तिथं त्याला 'एकच नाव'वाल्यांची संगत मिळाली. त्यांचं म्हणणं, पिता, पुत्र, आत्मा ही एकाच येशूची तीन रूपं. तीन नावांनी घेतलेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, येशूच्या एकट्या नावानं पुन्हा घ्यायचा, आणि शिंपडून चालत नाही, बुडायला हवं. मांजरा नदीत तेव्हा नुसती वाळू होती. मग एका डाळमिलच्या आवारातल्या सिमेंटच्या हौदात, टँकरचं पाणी ओतून, बारा-चौदा जणांनी आळीपाळीनं बुडी मारली. त्यात शांतवन होता. ज्या डोक्यावर शिवमूर्ती पाळकांनी स्वतःच्या ओंजळीनं तीनदा पाणी घातलं होतं, ते डोकं. गावभर बातमी झाली. लोक देवाचं सोडून पाण्याचंच बोलत होते, एवढं पाणी बुडवलं म्हणून. शांतवन घरी आला तेव्हा पाळकांनी त्याला सबेल्लियसपासून सगळं ऐकवलं. तो उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुमीच तर शिकवलं, बाबा. गुरू, लिंग, जंगम." एवढंच. पण ते इतकं नेमकं बसलं की पाळकांच्या नाकाला मिरची झोंबली, आणि त्यांनी आधारासाठी शास्त्र काढलं: जो हे शिक्षण घेऊन येत नाही त्याला घरात घेऊ नये, त्याला सलाम करू नये.

ख्रिस्ती माणसं भेटली की सलाम म्हणतात. नमस्कार इतर करतात, हे सलाम करतात. वाटेत, देवळात, मयतीला, लग्नात. तो बंद करणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. मारणं नाही, हाकलणं नाही, हक्क काढून घेणं नाही. शिवमूर्ती पाळक स्वतःशी म्हणायचे, मी माझ्या बापासारखं कुणाला पुरलेलं नाही. मी नुसता सलाम थांबवला आहे, तो चुकीला चूक म्हणेपर्यंत. बसलिंगप्पाही बहुधा आंघोळ करताना असंच काहीतरी म्हणाले असतील.

मग दर ऐतवारी उपासना सुटली की सिंधुबाई डबा भरायच्या आणि क्वार्टराकडे जायच्या. पाळकांनी जा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. ऊन कलतं झालं की त्या परत यायच्या, चपला दाराशी झटकायच्या, डबा मोरीत ठेवायच्या आणि पाळकांकडे न बघता म्हणायच्या, "शांतवननं सलाम सांगितलाय तुमाला." पाळक पुस्तकातून मान वर काढायचे नाहीत. नुसता एक हुंकार. पण त्या हुंकारावर त्यांचा आठवडा निघायचा. पोरगं वाकायला लागलं, असं त्यांना वाटायचं. आज सलाम सांगितला, उद्या येईल, चुकलं म्हणेल. थोडं अजून पिकू द्यावं. सोमवारी वर्गात त्यांचा आवाज बरा लागायचा. असे ऐतवार गेले, उन्हाळे गेले, न झालेले पावसाळे गेले. सिंधुबाई देगलूरच्या. त्यांचा बाप तिथल्या बाजारात मिरचीची दलाली करायचा. तेलुगू व्यापारी आणि मराठी शेतकरी यांच्यामधे ही पोर उभी राहून इकडचं तिकडं सांगायची. लग्नानंतर एकदा हसत हसत त्यांनी सांगितलं होतं की दोन्हीकडच्या शिव्या ती गाळून टाकायची आणि मधेमधे पदरचं गोड घालायची, नाहीतर एकही सौदा झाला नसता. ही गोष्ट पाळकांनी तेव्हा ऐकली, हसले आणि विसरून गेले.

टँकर निघून गेला. रांग पांगली. आज ऐतवार, हे सकाळी उपासना चालवूनही पाळकांच्या आत्ता ध्यानात आलं. आणि आपण फेब्रुवारीपासून प्रत्येक ऐतवारी ऊन कलताना दाराशी चपलांचा आवाज ऐकायला बसतो, हेही. सलाम येत नव्हता. बायको गेली, तिच्याबरोबर सलामही गेला, आणि या दोन दुःखांतलं कुठलं कुठं संपतं हे त्यांना कळत नव्हतं. मयतीला शांतवन आला होता. कबरीच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला हे. दोघांनी मूठ मूठ माती टाकली. सगळ्यांनी दोघांना सलाम केला. त्या दोघांनी एकमेकांना केला नाही. दोघंही कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे उभे होते. आज घरी जायच्या ऐवजी पाळक क्वार्टराकडे वळले. दगडाचं विचारायचं आहे, असं त्यांनी मनाला सांगितलं. मनाला काहीतरी सांगावं लागतं.

शांतवननं दार उघडलं तेव्हा तो बनियनवर होता. बापाला बघून आत गेला, सदरा घालून आला, खुर्ची पुसली, अर्धा पेला पाणी आणून दिलं. पूर्ण पेला कुणाकडेच कुणी देत नव्हतं त्या दिवसांत. फळीवर सिंधुबाईंचा डबा होता, शेवटच्या ऐतवारचा, घासून पालथा घातलेला. पाळकांनी दगडाचं सांगितलं: नाव झालं, तारखा झाल्या, पुढे सुचत नाही. शांतवन म्हणाला, तुमच्याकडं शब्दांची काय कमी. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं. नुसत्या लोखंडाचा आवाज येत होता.

"मी माघंच यायला पाहिजे होतं, बाबा," शांतवन म्हणाला. "पण आई दर ऐतवारी तुमचा सलाम आणायची. मला वाटायचं, राग उतरून राहिला. घाई नको. अजून उतरू द्यावा."

पाळकांनी पेला खाली ठेवला. त्यांनी कधीच, एकाही ऐतवारी, सलाम पाठवला नव्हता. "माझ्याकडं तुझा यायचा," ते म्हणाले.

शांतवननं मान खाली घातली. त्याचं बोट फळीच्या कडेवरून फिरत राहिलं, लहानपणी पाठांतर चुकलं की फिरायचं तसं, आणि पाळकांना सगळं कळलं. आत्मा पित्यापासूनच निघतो, की पित्यापासून आणि पुत्रापासून निघतो, एवढ्यावरून पूर्वेची मंडळी आणि पश्चिमेची मंडळी एकमेकींपासून तुटल्या त्या अजून जुळल्या नाहीत; हा पाठ त्यांनी वर्षानुवर्षं दिला होता. दोघांनीही काही पाठवलं नसेल आणि तरी तो येत असेल, असं म्हणणारा माणूस मात्र कुठल्याच परिषदेत उभा राहिला नव्हता. डबा घेऊन ती इथून तिथं चालत होती. वाटेत, भर उन्हात, कुठेतरी गोलाईच्या आसपास, ती तो सलाम पदरचा तयार करत होती, जाताना एक आणि येताना एक. त्यांना आधी तिचा राग आला. एका ऐतवारी, फक्त एका, ती रिकाम्या हातानं परत आली असती तर ते स्वतः उठले असते. पोटात खड्डा पडला की माणूस उठतोच. तिनं दोघांनाही उपाशी राहू दिलं नाही, म्हणून दोघंही जागचे हलले नाहीत. आणि मग राग ओसरला तसं कळलं की ते उठले नसते. त्यांनी आणखी एखादा ग्रंथ काढला असता.

"तुमीच पाठवायचा ना, बाबा?" शांतवननं विचारलं. त्याला उत्तर ठाऊक होतं. तरी तो तोंडाकडे बघत होता.

शिवमूर्ती पाळकांनी सत्यासाठी पोटचं पोर दारात उभं केलं नव्हतं. एका शब्दाची तडजोड केली नाही, हा त्यांचा लौकिक होता, आणि तो त्यांना प्रिय होता. आता खरं सांगितलं तर सिंधु खोटी ठरत होती, आणि या पोराचे एवढे सगळे ऐतवार रिकामे होत होते.

"हाव," ते म्हणाले. "मीच पाठवायचो."

शांतवनचं बोट फळीच्या कडेवर थांबलं. "मी बी," तो म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. हापशाचा आवाज थांबला होता; कुणीतरी नाद सोडून घरी गेलं असावं. दगडावर काय घालायचं हे ठरलं नाही. शांतवन म्हणाला, मोकळाच राहू द्या. पाळकांनाही तेच बरं वाटलं, कारण आत्ता जे लिहावंसं वाटत होतं ते दगडावर मावणारं नव्हतं आणि लोकांना सांगण्यासारखंही नव्हतं. पाळक उठले तेव्हा शांतवननं फळीवरचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. रिकामा डबा परत देऊ नये, काहीतरी घालून द्यावा, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. ती रीत बघणारं माणूसच गेलं होतं.

फाटकापर्यंत तो सोडायला आला. तिथं आल्यावर दोघं थांबले. इथून पुढे काय करायचं असतं हे दोघांनाही येत असून येत नव्हतं.

"सलाम, बाबा," शांतवन म्हणाला.

पाळकांनी तोंड उघडलं, आणि सवयीनं त्यांची मान मागे वळली, सिंधु कुठे राहिली ते बघायला. दार उघडं होतं, आत खुर्ची आणि अर्धा पेला दिसत होता. मग ते पुढे वळले आणि स्वतःच म्हणाले, सलाम. आवाज अगदी हळू निघाला. शांतवनपर्यंत तो पोचला की नाही, हे येऊन सांगायला आता कुणी नव्हतं.